खिडकीचा चौथा गज

मी नाशिकला, अंबडच्या कारखान्यात वेल्डर आहे. गाव हिंगोलीकडं, आठवीनंतर शाळा सुटली. नाशकात माझ्या नात्याचं कोणी नाही. दारू सोडायची तर व्यसनमुक्ती केंद्रात राहावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. हात थरथरतोय तोवर मशीनला शिवायचं नाही, असं कंपनीतले साहेब म्हणाले. जागा राखून ठेवतो, हेही तेच म्हणाले, न मागता. म्हणून एका शनिवारी सकाळी केंद्र बघायला निघालो. सोबत खानावळीतल्या मावशी. चार वर्षं त्यांच्याकडं जेवतोय, एवढंच नातं.

पहिल्या केंद्राच्या ऑफिसात माशांची काचेची पेटी होती. तिथल्या माणसानं विचारलं, "पेशंट कुठंय?"

"हा काय, तुमच्यापुढं उभा हाय," मावशी म्हणाल्या.

तो जरा नाराज झाला. "तसं नसतं ताई. पेशंटला आणायला आमची गाडी जाते. चार माणसं उचलून आणतात."

"अहो, पण तो चालत आलाय."

"ते ठीक आहे. आत्ता घरी न्या. दुपारी गाडी पाठवतो."

मी विचारलं, आपणहून गाडीत बसलो तर उचलणार नाहीत ना? तो म्हणाला, ते त्या वेळी बघू.

दुसऱ्या केंद्रात रंगीत पत्रक मिळालं. योगा, बाग, कॅरम. मला वाचायला वेळ लागतो. मी बागेपर्यंत पोचलो तोवर मावशींनी विचारलं, "मारता का?"

"गरज पडली तरच," मॅनेजर म्हणाले.

मावशींनी पत्रक माझ्या हातातून घेतलं, नीट घडी केली आणि त्यांच्या टेबलावर परत ठेवलं.

तिसरं केंद्र शहराबाहेर, द्राक्षाच्या बागेला लागून. तिथल्या सरांनी मावशींना सोडून मलाच विचारलं, "शेवटची कधी घेतली?"

"सकाळी. इथं यायला धीर यावा म्हणून."

"मीपण तसाच आलो होतो," ते म्हणाले. डॉक्टर रोज येतात, पहिले दिवस औषधावर ठेवतात, हे त्यांनी समजावून सांगितलं. तोवर मावशी स्वयंपाकघरात जाऊन डाळ चाखून आल्या. "मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या. "पण डाळ हाय."

तेवढ्यात मला हॉलच्या खिडकीचं ग्रिल दिसलं. ते मीच केलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्याच्या वर्कशॉपात. डावीकडून चौथा गज वरखाली नुसता टॅक मारून सोडला होता. टॅक म्हणजे वेल्डिंगचा एक ठिपका, नंतर पक्कं करायच्या बोलीवर मारलेला. नंतर झालं नाही, कारण मी घेतलेली होती. वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि काळा रंग मारला. रंग चांगला बसला होता.

"मी इथंच राहतो," मी म्हणालो.

"इचार कर. डाळ रोज अशीच मिळंल असं नाय."

फॉर्मवर नात्याच्या रकान्यात त्यांनी 'मावशी' लिहिलं. सरांनी विचारलं, सख्ख्या का? "जेवू घालते," त्या म्हणाल्या. सरांनी पान उलटलं.

ते केंद्र मी डाळीमुळं निवडलं की गजामुळं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

पहिले पाच दिवस औषधात गेले. सहाव्या दिवशी बाकीचे अंगणात गोल करून बोलत बसले होते. पोट दुखतंय असं सांगून मी हॉलमध्ये थांबलो. गजाला एक हिसका दिला. तो हातातच आला. बाहेर बाग, बागेपलीकडं रस्ता, रस्त्याला दारूचं दुकान. येताना बघून ठेवलं होतं. फटीत डोकं घालून पाहिलं. जात होतं. डोकं गेलं की माणूस जातो.

पण पळालो तर फोन मावशींना लागणार होता. तोही ऐन जेवणाच्या गर्दीत. डोकं परत आत घ्यायला वेळ लागला, कारण कान अडकले. मग गज घेऊन सरांच्या खोलीत गेलो.

"हे काय?"

"माझं काम आहे, सर. कच्चं राहिलंय."

त्यांनी गज उलटसुलट पाहिला. "म्हणून इथं राहिलात?"

"तेच कळत नाही."

"वेल्डर बोलवू?"

"मी आहे ना."

त्यांनी चहाचा कप पुढं केला. मी उचलला, अर्धा टेबलावर गेला.

"अजून नाही," ते म्हणाले. "तोवर तुमची खाट खिडकीखाली घ्या. भोक तुमचं, राखणही तुमची."

रविवारी मावशी आल्या त्या खिडकीशीच उभ्या राहिल्या. हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा.

"एवढ्यातून निघशील तू?"

"निघेन."

"मग?"

"डबा द्या आधी."

त्यांनी तो फटीतून आत दिला.

तीन आठवड्यांनी कप सांडला नाही. सरांनी मशीन मागवलं. आत गाद्या, ठिणगीची भीती, म्हणून वेल्डिंग बाहेरून करायचं ठरलं. सरांनी आतून पकडीनं गज धरला, मी बाहेर बसलो. शिवण जरा वाकडी आली. कंपनीतल्या साहेबांनी पास केली नसती. पण टॅक नाही, पुरी मारली.

उठलो तेव्हा लक्षात आलं, मी बाहेर आहे आणि खिडकी पक्की झालीय. सर आत गज गार व्हायची वाट बघत होते. माझ्याकडं मुद्दाम बघत नव्हते. रस्ता होता तिथंच होता.

मी मशीन उचललं, वळसा घालून गेटवर आलो आणि बेल दाबली.

"कोण?" वॉचमननं आतून विचारलं.

"मी."

"मी कोण?"

"आतला."