गेरूच्या विटा

आमच्या घरी वर्तमानपत्र येत नसे, पत्रकं यायची. बाबा कुठल्याही मोर्चाहून परतले की त्यांच्या खिशातून गुलाबी-पिवळे कागद निघायचे. वाचून झाले की ते फडताळात डब्यांखाली जायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्यावरच. 'क' कमळाचा असतो हे मला शाळेत कळलं. तोवर तो कामगाराचा होता. लहानपणी मी चहासुद्धा मागत नसे, चहाची मागणी करत असे, असं आई म्हणते.

यवतमाळला कॉलेजात होते तेव्हाची ही गोष्ट. सुटीत आमच्या बंजारा तांड्यावर आले, तर शेजारची काकी दारात माझीच वाट पाहत उभी. काकी एकटी राहायची, लेकी सासरी. घर कुडाचं, वर निम्मी मातीची कवेलू, निम्मी ताडपत्री. घरकुलाचा सर्वे सुरू होता आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचा माणूस तिच्या घराचा फोटो काढायला येणार होता. तिला घरकुल मिळणार की नाही, ते त्या फोटोवर होतं.

"छोरी, फोटो पार दिल्लीले जाते म्हणे," काकी म्हणाली. "असं भकास घर कसं दाखवू? मले त लाज वाटते."

"लाज कायले, काकी? आपण भीक मागून राह्यलो का? हक्काचं मागून राह्यलो. ताठ मानेनं फोटो काढू."

काकीने मान ताठ केली आणि लगेच शेणमाती कालवायला घेतली. दुपारपर्यंत समोरची भिंत लिंपून, वाळवून, चुन्याने पांढरी झाली. दारावर तिने आरशांचं भरतकाम केलेलं कापड बांधलं. सणाला आमच्याकडे भिंतीवर गेरूने काहीतरी काढतातच. पोस्टर रंगवून माझा हात बसलेला, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी विटा काढल्या. फूटपट्टी लावून, एका ओळीचा सांधा दुसऱ्या ओळीच्या सांध्यावर येऊ न देता, पूर्ण भिंतभर.

तांड्याचा म्हातारा नायक जाता जाता थांबला. "वा गं पोरी! सरकारच्या आधी तूच घर बांधून देल्लं की हिले!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो.

फोटोवाला आला, पण मोटरसायकलवरून उतरला नाही. रस्त्यावरूनच म्हणाला, "मावशी, सरळ उभ्या राहा," आणि गेला. काकी मात्र अशी उभी होती, की जणू तिचं लग्न आहे.

दीडेक महिन्याने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. मी वरून खालपर्यंत वाचली, मग खालून वर. काकीचं नाव शेजारच्या कागदावर सापडलं, अपात्रांमध्ये. समोर कारण होतं, 'पक्के घर'.

"म्हंजे?" काकीने विचारलं.

"म्हणजे तुझं घर पक्कं आहे म्हणतात."

ती आधी हसली, मग पायरीवर बसली. "पावसात या म्हणा त्याईले राहाले," एवढंच बोलली.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. वर मोठ्या अक्षरांत 'जाहीर धिक्कार', खाली नऊ उद्गारचिन्हं. काकीला मोठ्याने वाचून दाखवलं.

"लय मस्त हाय," ती म्हणाली. "पन यानं घर भेटते का?"

"जागृती येते, काकी."

"आली त तिले बसवू कुठं? ताडपत्रीखाली?"

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने तालुक्याच्या पंचायत समितीत गेलो. घरकुलाचं काम पाहणारा इंजिनिअर माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. मी भाषण सुरू करणार, तोच त्याने कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला.

"ताई, तुम्हीच पाहा. विटांची भिंत, सांधे भरलेले. मी याला कच्चं कसं म्हणू?"

पडद्यावर काकी राणीसारखी उभी होती आणि तिच्यामागे माझ्या विटा, एखाद्या गवंड्याने मान खाली घालावी इतक्या सरळ.

"अरे बापू, वीट कायची!" काकी म्हणाली. "गेरू हाय तो. या पोरीनं काढला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

"हो."

"फूटपट्टीने?"

"हो." शेजारच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं.

मग मात्र मी बोललेच. गरिबाने घर सारवलं की तो गरीब उरत नाही, हा कुठला नियम? तुम्हाला घर द्यायचंय, की दैन्याचं प्रदर्शन पाहायचंय? फोटो काढणाऱ्याला गाडीवरून उतरून भिंतीला बोट लावता आलं नाही का? माझा तो राग आजही गेलेला नाही, आणि जाऊही नये.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "तुमचं खरं आहे, मॅडम. पण मला इथे बसून भिंतीला बोट लावता येत नाही. आक्षेप लिहून द्या, मी स्वतः येतो."

सरकारं खाली खेचण्याची भाषा मी डोळे मिटून लिहीत असे. त्या कागदावर मात्र पेन हलेना. शेवटी लिहिलं: 'सदर विटा मी माझ्या हाताने काढल्या असून त्या खऱ्या नाहीत.' खाली सही केली. शेजारी काकीचा अंगठा.

आठ दिवसांनी तो इंजिनिअर आला आणि गाडीवरून उतरला. काकी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. प्यायला असेल म्हणून त्याने हात पुढे केला, तर तिने पाणी सरळ भिंतीवर फेकलं. विटांच्या तीन ओळी लाल होऊन खाली ओघळल्या.

"घ्या बापू, तुमचं पक्कं घर वाहून चाललं!"

तांडा हसला, तोही हसला. फोटो काढून वाकून आत गेला. ताडपत्रीच्या भोकांतून पडलेलं ऊन त्याच्या शर्टावर ठिपक्याठिपक्यांनी आलं. मग त्याने वर पाहून दुसरा फोटो काढला.

काकीचं नाव पुढच्या यादीत आलं. घरकुल बांधताना स्वतः राबलं तर काही दिवसांची मजुरी रोजगार हमीतून मिळते, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिला ती माझी नवी घोषणा वाटली. पण एका सकाळी हजेरी घेणारा रोजगार सेवक खरंच आला. काकी कमरेइतक्या खड्ड्यात पाया खोदत होती.

"काकी, मजूर कोण?" त्याने मोबाइल काढत विचारलं.

"मी."

"अन् मालक?"

"मीच. लाव हाजरी."

मी भाकरी घेऊन काठावर उभी होते. म्हटलं, "काकी, वर ये, जेवून घे."

"थांब ना जरा," ती कुदळ उचलत म्हणाली. "मालकीण सुट्टी नाई देऊन राह्यली."