हिरवं लुगडं, लाल काठ

मला भाऊ न्हाई. आई लवकर गेली, मागनं बाप गेला, माहेरचं दार लागलं ते लागलंच. पंचमीला गल्लीतल्या बायकांस्नी न्यायला भाऊ यायचं, तवा मी परड्यात शेणी लावत बसायची. माझ्या थोरल्या जावंला तीन भाऊ. त्यातला धाकटा दरसाल मलकापूरच्या गाडीनं यायचाच.

आमी दोघी एकाच जात्याला समोरासमोर बसायचो. तिथंच मी मनानं एक ओवी रचून म्हटली.

मलकापूरची गाडी थांबली गं फाट्याला
भाऊ आणितो हिरवं, लाल काठ लुगड्याला

भाऊच खोटा, मलकापूर बी जावंचंच उचललेलं. पण लुगडं माझं हुतं. मी आपली जावंचं जुनेर नेसून रानात तण भांगलायला जायची.

औंदा जावंच्या नातवाच्या हळदीला जातं बाहेर काढलं. एक पोरगी मोबाईल धरून बसली. "आज्जी, म्हणा की एखादं." जावंनं सूर धरला तो माझ्याच ओवीचा. मी समोरच, तोच खुंटा धरून. हळदीच्या घरात काय भांडायचं? वडत ऱ्हायले.

ते गाणं मोबाईलवर समद्या पावण्यांत फिरलं. आठ दिसांत तिचा धाकटा भाऊ आला, काठी टेकत, काखंत पिशवी. डोळं पुसत म्हणतोय, "आक्का, माझ्यावर गाणं केलंस आन् कवा बोलली न्हाईस व्हय गं? लई दुकानं हुडकली. हिरवं घावलं तर काठ लाल न्हाई!"

पिशवीतनं लुगडं काढलं. तेच. इतकी वरसं मी मनात बगितलेलं, अगदी तसंच.

च्या मी केला. जावंच्या कपात साखर घातली न्हाई. तिला कळलंबी न्हाई, एवढी हरकलीती.

पावणा गेल्यावर म्हटलं, "जाऊबाई, ती ओवी माझी हाय."

"जात्यावरचं गाणं कुणा एकीचं असतंय व्हय? आन् तुला कुठला गं भाऊ?"

खोटं न्हवती बोलली. मी कप इसळलं.

आता देवळात जाताना ती तेच नेसती. मी नवी ओवी केलीया. ह्यात भाऊ आजऱ्याच्या गाडीनं येतोय, लुगडं जांभळं हाय. म्हणती मी ती, पर जाऊ घरात नसली तरच.