पू तपासायला कोणी पाठवलाच नाही

"जखमेत मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस आहे," ठाण्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "टीबीच्या जातीतला जंतू. पाण्यात राहतो, नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद देत नाही. आधी कधी पू तपासला होता?"

नव्हता. एकदाही नाही.

डोंबिवलीत दुर्बिणीतून माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. टाके भरले, आणि मग बेंबीजवळ गाठ आली, फुटली, वाहायला लागली. सर्जन दरवेळी गोळी बदलायचे, आधीपेक्षा स्ट्राँग. मला उलट्या व्हायच्या, जखम तशीच. पुवाची तपासणी, म्हणजे कल्चर, म्हणजे लॅबमध्ये त्यातला जंतू वाढवून त्याच्यावर कुठलं औषध चालतं ते बघणं. हे मला माहीत नव्हतं. त्यांना होतं.

"तुम्ही जखम ओली करत असाल," ते म्हणाले. "घरात स्वच्छता ठेवा जरा."

हे मी विसरणार नाही.

तिथे ड्रेसिंगच्या रांगेत विठ्ठलवाडीच्या पाटीलबाई भेटायच्या. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन, सर्जन तेच, जखम तशीच वाहणारी. माझं निदान कळल्यावर मी त्यांनाही ठाण्याच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. तोच जंतू निघाला.

"तुमच्या घरात नाही, त्यांच्या दुर्बिणीत शोधायला हवं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नळाच्या पाण्याने धुऊन तशीच वापरत असतील."

आम्ही दोघी सर्जनसमोर जाऊन बसलो. अजून कोणाला झालंय, मी विचारलं.

"प्रत्येक केस वेगळी असते, ताई."

"पण तुम्ही बघितलंय का?" पाटीलबाई म्हणाल्या.

त्यांनी बेल दाबून पुढचा पेशंट बोलावला.

पाटीलबाई बाहेर आल्या आणि भरल्या वेटिंग रूममध्ये उभ्या राहिल्या. "इथे दुर्बिणीचं ऑपरेशन करून कोणाची जखम वाहतेय?"

रिसेप्शनिस्ट धावत आली. तोवर कोपऱ्यातल्या एका आजोबांनी हात वर केला. मग एका लेकुरवाळीने.

आम्ही चौघं महापालिकेच्या आरोग्य विभागात गेलो. पुन्हा पुन्हा गेलो, तेव्हा कुठे त्या ऑपरेशन थिएटरला कुलूप लागलं. या जंतूवरच्या ॲमिकासिन नावाच्या इंजेक्शनने माझे कान वाजायचे, कमरेला गाठी आल्या. बऱ्याच महिन्यांनी जखम सुकली.

डॉक्टरबाईंचे आणि पाटीलबाईंचे उपकार मानते. त्या सर्जनला माफ करणार नाही, करायची गरजही वाटत नाही. पूर्वी मी डॉक्टरसमोर मान खाली घालून बसायचे, आता नाही. तुमची जखम वाहत असेल तर नवी गोळी हातात घेऊ नका. पू तपासायला पाठवेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.