वहिनींना टोकू नये

उत्तरेतल्या आमच्या शहरात, खंडेराव गेटच्या गल्लीत, सगळ्यांना ठाऊक आहे: अनुसूयावहिनी पिशवी घेऊन निघाल्या की "कुठे?" असं विचारायचं नाही. कुणी टोकलंच, तर त्या मागे फिरतात, टेकतात, दोन घोट पाणी पितात आणि नव्याने निघतात. मग बँक असो की भाजी. त्यांच्या नवऱ्याच्या, माझ्या दादाच्या, छातीत दुखू लागलं तेव्हा त्याला रिक्षात घालताना शेजारच्या कमलने घाबरून विचारलं होतं, "कहाँ ले जा रही हो, चाचीजी?" तेव्हा टेकायला वेळ नव्हता. दादा परत आला नाही. तेव्हापासूनचं हे.

इराच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या लेकीच्या, बाळंतपणासाठी मी वहिनींना लंडनला घेऊन गेलो. उतरून मोबाइल सुरू केला, तर जावयाचा, हृषीकेशचा निरोप: "काका, इराला ॲडमिट केलंय. बाळाचे ठोके कमी होतायत, ऑपरेशन करणार. त्याआधी आई दिसू दे म्हणते. मैं नहीं आ पाऊँगा, टॅक्सीने थेट हॉस्पिटलला या." खाली पत्ता.

पासपोर्टची रांग संपेना.

"भाऊजी, ती पलीकडची रांग बघा कशी भरभर सरकतेय."

"ती इथल्या लोकांची, वहिनी."

"मग माझी लेक कुठली? आपल्याकडच्या ओरछा गेटची?"

खिडकीतल्या अधिकाऱ्याने नम्रपणे विचारलं, कुठे जाणार? एवढं इंग्रजी वहिनींना कळतं. त्यांनी ओठ मिटून घेतले. उत्तर मी दिलं. शिक्का बसला, आणि चार पावलांवर वहिनी बॅगेवरच बसल्या.

"टोकलं त्याने."

"वहिनी, त्याचं कामच आहे ते!"

"कमलच्या तरी मनात काय वाईट होतं?"

पाण्याची बाटली दिल्लीच्या तपासणीतच काढून घेतली होती. विमानात मिळालेली रिकामी बाटली घेऊन मी नळ शोधत धावलो, ती भरून आणली. त्या दोन घोट प्यायल्या, आम्ही सामान घेतलं. बाहेरच्या दाराशी आणखी एका अधिकाऱ्याने थांबवलं.

"कुठून विचारतोय की कुठे?" वहिनींनी मला विचारलं.

"कुठून."

"मग चालेल."

बाहेर टॅक्सीची रांग. प्रत्येक ड्रायव्हर काच खाली करून आधी तेच विचारत होता. वहिनी ते टक लावून बघत होत्या. तेवढ्यात हृषीकेशचा फोन आला. "काका, कहाँ तक पहुँचे? तिला तासाभरात नेतील."

मी भरलेली बाटली हातात तयार ठेवली. आमची पाळी आली. काच खाली सरकली, ड्रायव्हरने तोंड उघडलं, आणि मला बाजूला सारून वहिनी ओरडल्या, "हॉस्पिटल! माय डॉटर!"

त्याने तोंड मिटलं आणि दार उघडलं; मी मोबाइलवरचा पत्ता त्याच्यासमोर धरला.

शहरात शिरेपर्यंत त्यांनी मला तीनदा विचारलं, "विचारलं नाही ना त्याने?"

"नाही, वहिनी."

"तोंड उघडलं होतं पण."

हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर लिफ्टसमोरच इराची स्ट्रेचरची गाडी उभी होती. हृषीकेश नर्सला हात जोडून थांबवत होता. वहिनींनी धावत जाऊन लेकीच्या कपाळावर हात ठेवला.

"आई, किती उशीर!"

"आले ना गं."

नर्सने मान हलवली, गाडी ढकलली. ऑपरेशन थिएटरची दोन दारं उघडली. वहिनी तिच्यामागे दोन पावलं गेल्या. "कुठे..." एवढं त्यांच्या ओठांवर आलंच होतं. त्यांनी पदराचा बोळा तोंडात दाबून धरला. दारं मिटेपर्यंत तो काढला नाही.