चांगला दात

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन नंबर येईपर्यंत बाकावर बसावं लागायचं. मला वाट बघायचा वैताग, पण बाकावर शेजारी बसलेली शिरोळकडची बाई माझ्याहून अस्वस्थ होती. दारापर्यंत जायची, परत यायची, आणि दर खेपेला कमरेची पितळी डबी काढून बोटानं हिरड्यांवर मिश्री फिरवायची.

"दात हलतोय म्हणता, आणि वर मिश्री?" न राहवून मी विचारलं.

"हलतोय म्हणून तर लावतो की. त्यानं हिरडी घट्ट हुतीया."

ती आत गेली आणि थोड्या वेळानं गालात कापूस धरून, तळहातावर दात घेऊन बाहेर आली. मागोमाग डॉक्टर आले.

"ह्यो तर कुठं किडलेला न्हाय," दारातल्या उजेडात दात फिरवत ती तोंडातल्या तोंडात म्हणाली. "मग निघाला कसा?"

"दात चांगलाच होता, मावशी. हिरडीनं सोडला. दाताच्या मुळाशी किटण साचत गेलं, हिरडी सुटत गेली, आणि तुमच्या मिश्रीतल्या तंबाखूनं हिरडीतल्या शिरा आवळून रक्तसुद्धा दिसू दिलं नाही. आता डबी बंद. मऊ ब्रशनं हिरडीच्या कडेनं दोन वेळा घासायचं. आणि अर्धा तास इथं गप बसायचं."

ती बसली. लगेच उठली आणि पिशवी उचलली.

"बसा की थोडं," मी म्हणालो.

"बसून कसं चालंल, पावणं," दात मुठीत आवळून ती पायऱ्या उतरायला लागली. "सुनंला मिश्री मीच लावाय शिकिवलीया. आता जेवून लावत बसली असंल."