राजदूतचा मोकळा आवाज

युसूफ वडगाव या गावात लोक जलालुद्दीन मिस्त्रीला कानाचा उस्ताद म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. जुन्या राजदूत-येझदी मोटारसायकलींना तो तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून, वळवून, गॅसनं सांधून सायलेन्सर करून देई. प्रत्येक गाडीचा गळा वेगळा. आतली जाळीची नळी जरा लांब-आखूड केली की आवाज बदले. वळणावर गाडी वाजली की बायका न बघता सांगत, कुणाचा धनी आला. मुक्ताबाई तर बद्रीनाथची राजदूत ऐकूनच चहाचं आधण ठेवी.

बद्रीनाथ दूध सोसायटीचा चिटणीस. माणूस भला, पण सायलेन्सरवर त्याचं समाधान म्हणून होत नसे. दुष्काळाच्या दोन वर्षांत तो तीनदा आला. "जलाल, गाडी मुकी झाली बे. अजून मोकळी कर." सोसायटीचं दूध आटलं, पण चिटणिसाचा रुबाब आटत नाही, असं जलालुद्दीन त्याला चिडवी. पहिल्यांदा त्यानं जाळी आखूड केली, दुसऱ्यांदा मागची नळी छाटली आणि तिसऱ्यांदा जाळीच काढून टाकली. गाडी अशी तडतडली की लिंबावरची पाखरं उडाली. बद्रीनाथ म्हणाला, "आता कुठं जरा बरी वाजती."

पंधरवड्यात नांदूरघाटच्या रस्त्यावर, चारा छावणीकडे जाताना, पाण्याच्या टँकरनं त्याला मागून उडवलं आणि तो जागीच गेला. हॉर्न वाजवून वाजवून हात दुखला, पण माणूस बाजूलाच होईना, असं टँकरवाला रडत सांगत होता. लोकांनी त्यालाच धरलं. जलालुद्दीनच्या मनानं मात्र घेतलं, की तो हॉर्न आपल्या सायलेन्सरनं गिळला. तेव्हापासून दुपारी हातोडी थांबली की त्याला वळणावर राजदूत ऐकू येई. तो दाराशी येऊन बघे, तर रस्त्यावर नुसता फुफाटा. त्याला भीती वाटे, आणि गाडी दिसली नाही म्हणून वाईटही वाटे.

तीन वर्षांनी बद्रीनाथचा मुलगा धर्मराज ती गाडी ढकलत घेऊन आला. "चाचा, आवाज तोच पायजे. आईला घर लई सुनं लागतंय."

जलालुद्दीननं गाडीला हात लावला नाही. तो तडक मुक्ताबाईकडे गेला आणि उभ्यानंच म्हणाला, "वैनी, माझ्या सायलेन्सरनं मारलं त्यांना. हॉर्न ऐकू गेला न्हाई."

मुक्ताबाई ज्वारी पाखडत होती. हातातलं सूप थांबलं. "कसा जाईल, जलालभाई? जायच्या दोन साल आधीपास्नं ऐकूच येत न्हवतं त्यांना. चिटणीसपद जाईल म्हणून कुनाला सांगू दिलं न्हाई. मी बी गप बसले." सूप खाली ठेवून ती म्हणाली, "पण तुमी तर कानाचे उस्ताद. मानूस दर बारीला आवाज कावून वाढवून मागतो, हे तुमाला कळलं न्हाई?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

त्यानं धर्मराजची गाडी पूर्ण जाळी घालून मऊ करून दिली. मुक्ताबाईला तो आवाज ओळखू आला नाही.

आता कुणी सायलेन्सर मागायला आलं, की तो त्याला आधी रस्त्याकडे तोंड करून उभं करतो आणि मागून हळूच त्याचं नाव घेतो. वळला तरच पत्रा कापतो. म्हातारा चळला, असं लोक म्हणतात. कधी कधी मात्र गिऱ्हाइकाचं नाव त्याच्या तोंडी येतच नाही. "बद्रीनाथ," तो म्हणतो, आणि समोरचा माणूस पाठमोराच राहतो.