लुआमावशीचा एकच वाफा

आमच्या बाय-थुओंग गावात कुणाचा अपमान करायचा असेल तर शिवी द्यावी लागत नाही. त्याला जेवायला बोलवायचं आणि पुढच्या वाफ्यातली भाजी वाढायची. तो माणूस पुन्हा तुमच्या अंगणात पाऊल टाकणार नाही.

आमच्याकडे घरटी दोन वाफे. पुढचा रस्त्याकडेचा, तो बाजाराचा. त्याच्यावर फवारा बसतो, पानं आरशासारखी चकाकतात, भोक औषधालाही सापडत नाही. मागचा चुलीजवळचा, तो घरचा. तिथे अळ्या, गोगलगाई, शेजारच्या कोंबड्या आधी जेवून घेतात आणि उरलेलं आपण खातो. लेक सासरी निघाली की आई तिच्या कानात सांगते, बाकी काही बघू नकोस, सासूचा मागचा वाफा केवढा आहे तेवढं बघ. यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. शहरातल्या बाईला चकाकतं पान हवं, तिला चकाकतं पान द्यायचं. भोकाची जुडी ती बोटाच्या टोकाने बाजूला सारते, हे आम्ही रोज बघत आलोय.

लुआमावशी आमची शेजारीण. बुटकी, नदीच्या गाळासारख्या रंगाची, आणि आवाज असा की तिने नवऱ्याला हाक मारली की पलीकडच्या काठावरची बदकं मान वळवतात. जुडी बांधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नाळीच्या भाजीची, त्या पोकळ देठांची, मूठ घ्यायची, बांबूच्या ओल्या सालीचे दोन पीळ द्यायचे आणि साल उलटी आत खोचायची. गाठ नाहीच. शेपूट ओढलं की जुडी आपोआप मोकळी. ही तिच्या आईची रीत. बाकी गाव कधीच रबरावर आलं होतं, आणि बाया तिला चिडवायच्या, अगं जुडी विकायची आहे, तिचं लग्न नाही लावायचं. मावशी म्हणायची, सोडताना कुणा बाईचं नख मोडू नये एवढंच बघते. नख जपायची आणि आदल्या दिवशी त्याच भाजीवर फवाराही मारायची. तेव्हा तिला दोन्हीत काही विसंगत दिसत नव्हतं, आम्हालाही नाही.

तिची मुलगी थेव हनोईत राहते. थेवची मुलगी म्हणजे कोळंबी. हे तिचं घरातलं नाव, शाळेतलं नाव शाळेलाच माहीत. दर शनिवारी मावशी बसच्या टपावर एक पोतं चढवायची, तोंडाला लाल चिंधी बांधलेलं. लाल चिंधी म्हणजे मागच्या वाफ्यातलं, नातलगांचं. ड्रायव्हरलाही ते कळायचं, तो त्या पोत्यावर काही ठेवू द्यायचा नाही. मावशी गावभर सांगायची, माझ्या कोळंबीने बाजाराचं पान अजून जिभेला लावलेलं नाही.

आता नदीच्या बांधावरच्या पाटीचं सांगते. ‘सुरक्षित भाजीचं गाव’ अशी हिरवी पाटी आम्हाला जिल्ह्याने दिली होती. आमच्या भागातला, अगदी हनोईपर्यंतचा, नियम असा की शाळा-बालवाड्यांच्या स्वयंपाकघरांनी पाटी असलेल्या गावांचीच भाजी घ्यायची. फवारल्यावर आठवडाभर तोडायची नाही, हेही त्याच नियमात लिहिलेलं. पण शाळांचा ट्रक रोज येतो, आठवड्याने येत नाही. त्यामुळे ते लिहिलेलंच राहिलं.

उन्हाळ्यात कोळंबीच्या हनोईतल्या बालवाडीचं संमेलन होतं. तिथल्या मुलांची नाटुकली मीच बसवते, म्हणून मावशी माझ्याच स्कूटरवर मागे बसून आली. कोळंबी मुळा झाली होती. डोक्यावर कागदाचा हिरवा तुरा, आणि एकच वाक्य, तेही ती विसरली. मावशीने पहिल्या रांगेतून ते तिला ओरडून सांगितलं. सगळं सभागृह हसलं.

मग मुलांची जेवणं लागली. मावशी हात धुवायला मागच्या अंगणात गेली आणि येईना, म्हणून मी बघायला गेले. ती भाजीच्या क्रेटसमोर उभी होती. हातात नाळीच्या भाजीची जुडी होती, बांबूच्या सालीची. दोन पीळ, उलटी खोचलेली. तिने शेपूट ओढलं. जुडी मोकळी झाली.

 ती वळली आणि तरातरा आत गेली. पोरांच्या बुटक्या खुर्चीवर कशीबशी बसली. कोळंबीने उकडलेल्या नाळीच्या भाजीचं आंबट पाणी चमच्यात घेतलं होतं, तोंडापर्यंत नेलं होतं.

"आजीला दे," मावशी म्हणाली.

"माझं आहे."

"आजीला भूक लागलीय गं."

तिने वाटी ओढून घेतली आणि शेवटच्या पानापर्यंत सगळी संपवली. नातीला पिशवीतलं केळं सोलून दिलं. बालवाडीच्या बाई हसून म्हणाल्या, आजीला आमचं जेवण फार आवडलेलं दिसतं. मावशीने मान वर केली. कोळंबीच्या शेजारी एक मुलगी बसली होती, तिच्या पुढे वाटी. तिच्या पलीकडे एक गाजर झालेला मुलगा, त्याच्यापुढे वाटी. वर्गाच्या टोकापर्यंत वाट्याच वाट्या. एवढ्या सगळ्या वाट्या तिला संपवता येणार नव्हत्या.

परतीच्या वाटेवर ती एकदाच बोलली. म्हणाली, "परवा संध्याकाळी फवारलं होतं गं मी." पुढे सगळा बांध मला पाठीमागे तिचं फक्त ओझं जाणवत होतं. 

दुसऱ्या दिवशी तिने मागचा वाफा मोडला. तिथे कोंबड्या सोडल्या. फवाऱ्याचा पंप भंगारवाल्याला दिला. आणि पुढच्या वाफ्यासाठी लसूण-मिरची वाटून नवऱ्याच्या, म्हणजे दोआयकाकांच्या, तांदळाच्या दारूत भिजत घातली. दोआयकाका संध्याकाळी बुधला शोधत आले तेव्हा तो वाफ्यावर शिंपडून झाला होता. काका रात्रभर कुरकुरत होते, की माणसाला घोटभर नाही आणि अळ्यांची मेजवानी चाललीय. मावशी म्हणाली, झिंगल्या की पडतात, तुमच्यासारख्याच.

पण सगळ्या पडल्या नाहीत. पानांना भोकं आली. ट्रकवाल्याने जुडी उचलली, उन्हाकडे धरली, भोकांतून मावशीकडे बघितलं आणि परत ठेवली. मग ती स्वतः बांधाखालच्या बाजारात बसायला लागली. तिथल्या बाया तिला सोडतात होय? एकीने विचारलं, जाळी विकतेस की भाजी? दुसरी म्हणाली, गिऱ्हाइकाला भोकंच हवी असतील तर सांग, मी सुईने पाडून देते. गिऱ्हाइकं खरंच लांबूनच वळायची. डोळ्यांनी खाणारी माणसं, त्यांना भोक दिसलं की पोट दुखायला लागतं.

मावशीने काय केलं, तर समोर कुणी थांबलं की जुडीतलं एक पान तोडायची आणि कच्चं चावून खायची. मग शांतपणे शेजारणीच्या चकाकत्या ढिगाकडे हात करायची. "आता तू खा." शेजारीण पिशव्या आवरायला लागायची. हा प्रयोग रोज व्हायचा. हळूहळू लोक तो बघायला थांबायला लागले आणि त्यांतले थोडे जुडी घेऊनही जायला लागले. फार नाही. मावशीकडची बरीचशी भाजी तरीही कोंबड्यांच्याच पोटात जात होती, हे मी बघितलंय.

पाऊसकाळ सरत आला आणि जिल्ह्याच्या शेती कचेरीतली दिएप नमुने घ्यायला आली. पोरगी नवी नव्हती, दर हंगामात यायची. तिला अंगणात बसवायचं, हिरवा चहा द्यायचा, आणि टोपलीत भाजी आणून द्यायची. ती तीच भाजी पिशवीत बंद करून न्यायची. आमचा निकाल नेहमीच उत्तम. गावच्या भाजी संस्थेचे अध्यक्ष ख्वातभावजी तिच्याबरोबर घरोघर फिरायचे, गळ्यात टॉवेल आणि चेहऱ्यावर नवरदेवाच्या बापाची प्रसन्नता.

मावशीच्या दारात दिएप आली तेव्हा मावशी पुढच्या वाफ्यात उभी होती. चहा नाही, टोपली नाही.

"ये पोरी, इथूनच तोड. हवं तिथून."

ख्वातभावजी घाईने पुढे झाले. "वहिनी, मागचं आणा की. पाहुण्यांना पुढचं देतात होय?"

"मागे कोंबड्या आहेत."

"मग माझ्याकडून आणतो. गावाची लाज काढू नका."

"ती जेवायला नाही आलेली, भावजी. तपासायला आलीय."

दिएपचा हात पिशवीतच राहिला. तिने मावशीकडे बघितलं, मग ख्वातभावजींकडे. हळूच विचारलं, "काका, मला आजवर टोपलीत जे मिळालं, ते कुठल्या वाफ्यातलं?"

भावजी म्हणाले, "आम्ही पाहुणचार केला."

आणि ते थाप मारत नव्हते. आमच्या गावात पाहुणा दिसला की हात आपोआप मागेच जातो. पुढचं पान सरकारी माणसाच्या हातात द्यायचं, हे आमच्या मनातच येणार नाही. ते आमच्या सोयीचंही होतं, ही गोष्ट मात्र आम्ही कधी एकमेकांना बोलून दाखवली नव्हती.

त्या दिवशी प्रत्येक घरी पुढच्या वाफ्यातून नमुना घेतला गेला. दिएपने स्वतःच्या हाताने तोडलं. निकाल आला, त्यात मावशीचा वाफा तरला आणि बाकी गाव बुडालं. पाटी उतरवली. शाळांचा ट्रक बंद झाला.

त्यानंतर मावशीशी कुणी बोलेना. बुद्धिबळाच्या कट्ट्यावर दोआयकाका आले की डाव संपलेला असायचा. बाया मावशीला बघून भांडी जोरात आपटायच्या. माझी आईसुद्धा कुंपणापाशी जायची थांबली, आणि त्यावरून आमच्या घरात माझं वाजलं. मावशी मात्र रोज वाफ्यात उतरायची, अळ्या वेचायची, जुड्या बांधायची. दोन पीळ, उलटी खोच.

एका दुपारी ख्वातभावजी तिच्या अंगणात आले. बसले नाहीत.

"एका नातीपायी सगळं गाव उपाशी मारलंत, वहिनी."

मावशी जुडी बांधत होती, ती बांधून पूर्ण केली. "एका नातीपायी असतं तर तिचं पोतं मी बसने धाडतच होते की." मग मान वर करून म्हणाली, "तुमचा नातू जिल्ह्याच्या शाळेत जेवतो ना? कुणाच्या वाफ्यातलं जेवतो?"

"पाटीच्या गावचं. चौकशी केलीय मी."

"आपलीही पाटीच होती, भावजी."

ते निघून गेले. पुढच्याच आठवड्यात आमच्या बसच्या ड्रायव्हरला ते जिल्ह्याच्या शाळेच्या मागल्या दारी दिसले. गळ्यात टॉवेल, वाकून भाजीचे क्रेट उलटेपालटे करत होते. नदीपलीकडच्या गावची भाजी होती म्हणे. आरशासारखी.

थंडीत ख्वातभावजींच्या वडिलांचं श्राद्ध आलं. श्राद्धाला भांडण धरत नाहीत, म्हणून मावशीलाही बोलावणं होतं. कोळंबी सुट्टीला आली होती, ती आजीच्या मांडीला चिकटून बसली. सहाजणांना एक तबक, प्रत्येक तबकात कोंबडी, चिकट भात, मिठातली वांगी. भाजी तेवढी यायची होती. आणि तेव्हा यजमान विळा घेऊन उठले आणि सगळ्यांच्या देखत अंगण ओलांडून रस्त्याकडे गेले. पुढच्या वाफ्यात वाकले.

त्यांच्या बायकोने पदर नसताना पदर घ्यावा तसा हात तोंडावर नेला. पंगतीत चॉपस्टिक थांबल्या. एवढा जाहीर पाणउतारा, तोही श्राद्धाच्या दिवशी, आमच्या गावात कुणी कुणाचा केला नव्हता. मी उठायच्या बेतात होते.

मोहरीचा पाला उकडून आला. भावजींनी ती बशी दोन्ही हातांनी धरून मावशीसमोर ठेवली. वाफ विरली तेव्हा आम्हाला दिसलं. पानांना भोकं होती. चाळणच.

मावशीने एक पान उचललं, मासळीच्या खाऱ्या रसात बुडवलं, चावलं. बराच वेळ चावलं.

"फवारा कधी बंद केलात?"

"झाले दिवस."

"दारू घातलीत ना?"

"घातली. आमच्याही घरात त्यावरून कुरकुर झाली."

"लसूण कमी पडलाय, भावजी. अर्ध्या अळ्या शुद्धीवरच आहेत."

कुणीतरी हसलं. मग पुढचं पान मावशीने तिच्या पद्धतीने दुमडलं, त्यावर मिठातल्या वांग्याची एक फोड ठेवली आणि कोळंबीच्या वाटीत घातलं.

"खा," ती म्हणाली.